नऊ फळ्यांचं टेबल

कारखान्यात तिला सगळे सोवळेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ पुरती वळायच्या आत म्हणत, म्हणजे तोंडावर म्हटल्यासारखंच. हे नाव पॉलिशवाल्याने ठेवलं होतं. ह्या रॅकवरचं लाकूड त्या रॅकला लागलं की बाईला आंघोळ करावी लागते, असं तो सांगायचा आणि सगळे हसायचे. तीही हसायची. हसून झालं की उठून दोन्ही रॅक पुन्हा बघून यायची.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं होतं. कारखान्यात बाकं, टेबलं, कपाटं बनत. त्यासाठी लाकूड दोन तऱ्हेचं येई, दाखल्याचं आणि बिनदाखल्याचं. दाखल्याचं म्हणजे अशा जंगलातलं, जिथे वाढेल तेवढंच तोडतात, ओढ्याकाठच्या झाडांना हात लावत नाहीत, काही जुनी झाडं बियांसाठी राखतात आणि तिथे राहणाऱ्या माणसांना विचारल्याशिवाय करवत चालवत नाहीत. हे सगळं खरंच होतं की नुसतं कागदावर, ते बाहेरची माणसं दरवर्षी जाऊन बघतात आणि मग दाखला देतात. पण जंगलाला दाखला मिळाला म्हणून टेबलाला मिळत नाही. ओंडका वखारीतून गिरणीत, गिरणीतून ट्रकमध्ये, ट्रकमधून कारखान्यात जातो. ह्या प्रत्येक ठिकाणी तो वेगळा राखला आणि तसं लिहून ठेवलं, तरच शेवटी टेबलाखाली हिरवं लेबल लागतं. मधे एक जरी हात ढिला पडला, की पुढचं सगळं पाण्यात. ह्या कारखान्यापुरता तो हात तिचा होता.

त्यात गोम अशी की दोन्ही लाकडं एकाच जातीची. रंग तोच, रेषा त्याच, वजनही तेच. फरक काय तो फळीच्या टोकाला मारलेल्या हिरव्या पट्ट्याचा आणि तिच्या वहीतल्या नोंदीचा. फळी कापायची तर पट्टा नसलेल्या टोकाकडून कापायची, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत खूण राहते, आणि पट्ट्याचंच टोक कापावं लागलं तर आधी तिला बोलवायचं. ती ब्रश घेऊन यायची, आतल्या बाजूला नवा पट्टा मारायची, वहीत लिहायची आणि मगच करवत चालायची. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," सुतार एकमेकांना म्हणायचे. "आपल्याकडे फळीलासुद्धा बाप दाखवावा लागतो."

ती मूळची ह्या कामाची नव्हे. आधी ती कारखान्याच्या फोनवर बसायची. मालक केबिनमध्ये चहा पीत असले तरी "साहेब जागेवर नाहीत" असं सांगायचं, हे तिचं काम. ते तिला जमायचं नाही. आवाजावरून समोरच्याला कळायचं आणि बोलणी तिलाच बसायची. मोठ्या ऑर्डरी हव्यात म्हणून मालकांनी दाखल्याचं लाकूड आणायचं ठरवलं, तेव्हा ते वेगळं राखायला एक माणूस हवा होता. सुतार म्हणाले आम्ही काय वॉचमन आहोत का, पॉलिशवाला म्हणाला मला धुराने दिसत नाही. हिने हात वर केला. फोन सुटला ह्याच आनंदात तिने पहिला आठवडा घालवला.

मग तिला चार दिवस जंगलात शिकायला पाठवलं. तिथल्या वनरक्षक बाईने तिला तोडलेल्या झाडाचा एक बुंधा दाखवला. त्यावर नंबर ठोकला होता. शेजारी एक भलंमोठं झाड उभं होतं, त्याच्या ढोलीत कुठल्या तरी पक्ष्याची ये-जा चालली होती, आणि त्याच्या खोडावर "राखीव" अशी खूण होती. वनरक्षक बाई म्हणाली, "हे झाड वाचवायला मी ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्यात. आता ह्या बुंध्याचा नंबर तुमच्या कारखान्यापर्यंत पोचला नाही ना, तर मी हे राखलं काय नि न राखलं काय, विकणाऱ्याला सगळं सारखंच." ती बाई चिडून बोलत नव्हती, हिशेब सांगावा तशी सांगत होती. सोवळेबाईला ते लागलं. परत आल्यावर तिने पहिल्यांदा दोन रॅकमधलं अंतर वाढवून घेतलं.

आता तिच्या वडिलांचं सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. ते त्याच कारखान्यात मिस्त्री. चाळीस वर्षं. मालकांचे वडील असल्यापासून. लाकूड वासावरून सांगायचे. डोळे मिटून फळीवर हात फिरवला की झाड सावलीत वाढलं की उन्हात, ते सांगायचे. ती लहान असताना तिच्या नाकाखाली रंध्याची साल धरून "सांग कुठलं?" असं विचारायचे, आणि तिचं चुकलं की साल तिच्या केसात खोचायचे. तिची शाळेतली अर्धी वर्षं केसातून लाकूड काढण्यात गेली.

तिच्या कामावर त्यांचा राग होता असं नाही, पण विश्वासही नव्हता. "लाकडाला तोंड आहे, ते स्वतः सांगतं," ते म्हणायचे. "तुला ऐकू येत नाही म्हणून तुला रंग लागतो." चारचौघांत म्हणायचे. तिला राग यायचा, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, करते काय. शिवाय मनातून तिला तेच खरं वाटायचं. आपल्याला बाबांचं नाक मिळालं नाही, म्हणून आपल्या हाती ब्रश आला.

मिस्त्री त्या वर्षी काम सोडणार होते. गुडघे बोलायला लागले होते, आणि हातही सकाळी जरा उशिराच जागे व्हायचे. शेवटचं मोठं काम म्हणून मालकांनी त्यांना वाचनालयाचं टेबल दिलं. बारा माणसं बसतील असं लांब, नऊ फळ्या शेजारी शेजारी जोडून. वाचनालयाची अट एकच आणि पक्की: टेबलाखाली हिरवं लेबल हवं, नाहीतर टेबल नको. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. मिस्त्रींनी दाखल्याच्या रॅकवरून नऊ फळ्या स्वतः निवडल्या. दोन दिवस ते नुसत्या फळ्याच फिरवत बसले होते, हिच्या शेजारी ती, तिच्या शेजारी ही, लग्न जुळवावं तसं. तिने नऊ फळ्या वहीत लिहिल्या. रॅकवर तीन उरल्या, त्याही लिहिल्या.

नेमकं त्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिला दोन दिवस रजा घ्यावी लागली. जाताना तिने बाबांना बजावलं, "टोकं कापू नका मी येईपर्यंत."

"तू डोळ्याचं बघ," ते म्हणाले. "टोकांचं मी बघतो."

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा टेबल उभं होतं. जोडलेलं, रंधलेलं, पॉलिशचा पहिला हात मारलेलं. सांधा कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. रेषा एका फळीतून निघून दुसरीत अशा जात होत्या की नऊ फळ्या नव्हेतच, एकच रुंद फळी कुठून तरी सापडली असं वाटावं. ती टेबलाला एक फेरी मारून आली. हे माझ्या बापाने केलंय, असं तिला रस्त्यावर उभं राहून ओरडावंसं वाटलं.

मग ती खाली वाकली. टोकं कापली होती. हिरवा पट्टा एकाही फळीवर नव्हता.

हे तिला अपेक्षितच होतं म्हणा. टोकाला चीर असते, फळ्या जोडून झाल्या की टोकं उडवायचीच, हे मिस्त्रींच्या हाताला चाळीस वर्षं ठाऊक. हाताला ब्रशवालीची वाट बघायची सवय नव्हती. कापलेली टोकं मिळाली असती तरी निभावलं असतं, पण ती बॉयलरमध्ये गेली होती. तरी वहीत नऊ आहेत आणि टेबलात नऊ आहेत, तेवढ्यावर भागेल, असा विचार करत ती भंगार लाकडाच्या कोपऱ्यात गेली. तिथे भिंतीला टेकून एक फळी उभी होती. मधोमध चिरलेली, आणि टोकाला हिरवा पट्टा.

तिने रॅक बघितला. तीन उरल्या होत्या त्या तीनच होत्या. तिने पुन्हा मोजल्या, जणू काही तीन ही फार मोठी संख्या आहे. नऊ दिल्या. त्यातली एक चिरून इथे उभी आहे. म्हणजे टेबलात आठ हव्यात. टेबलात नऊ आहेत. दाखल्याच्या रॅकवरून काही कमी झालेलं नाही, म्हणजे नववी आली ती दुसऱ्या रॅकवरून.

संध्याकाळी घरी तिने विषय काढला. आई डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसली होती, बाबा पाय शेकत होते.

"क्लॅम्प आवळताना चिरली," बाबा म्हणाले. "सरस लावून झालेला. तो काय तुझ्या रजेसाठी थांबतो? म्हणून जुळणारी फळी घेतली."

"कुठल्या रॅकवरून?"

"जुळणारी जिथे होती तिथून."

"बाबा, ती बिनदाखल्याची आहे."

"असेल. पण अशी जुळली की बघत राहावं."

मिस्त्री म्हणून त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चांगला सुतार रेषा बघतो, रॅक बघत नाही. तिने मान खाली घातली. बाबांना तिचं काम नीट कळत नसे, पण हे लेबलाचं आहे एवढं कळलं. शेवटचं टेबल, लेबल लागलं नाही तर ते कारखान्यातच पडून राहणार, हेही कळलं. ते जरा सरसावून बसले. "अगं, मग एवढं तोंड पाडायला काय झालं? एक फळी परकी आहे ना? ती मी काढून देतो. तुझ्या तीन शिल्लक आहेत, त्यातली एक घालतो. दोन दिवसांचं काम."

"पण कुठली ती कळेल?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की आईला पट्टीआडूनही दिसलं असावं. "त्यांना काय विचारतेस?" आई म्हणाली. "झोपेत सांगतील."

तिचा जीव भांड्यात पडला. बाबांना कळणार नाही असं लाकूड अजून उगवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दाखल्याचे तपासनीस यायचे होते. वर्षातून एकदा येत. शिडशिडीत माणूस, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः आणायचे आणि कुणाचा चहा घ्यायचे नाहीत. मालक तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तपासनीस जाऊ देत, मग फळी बदला. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"नोंद आजची आहे," ती म्हणाली. "ते आज वही बघणार. वहीत नऊ आणि कोपऱ्यात एक, हे त्यांना मोजता येतं."

मालकांनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. तपासनिसांनी सगळं ऐकून घेतलं, चिरलेली फळी बघितली, रॅक बघितला. म्हणाले, "परकी फळी दाखवा, बदला, तसं लिहा. लेबल लागेल, माझी हरकत नाही. दाखवता आली नाही तर अख्खं टेबल बिनदाखल्याचं."

"आमचे मिस्त्री दाखवतील," मालक म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला. कारखान्यातल्या माणसाची बढाई मारायची वेळ फारशी येत नसते.

टेबल उलटं करून दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं. पॉलिशवाल्याने पंखा बंद केला, म्हणजे वास उडायला नको. सुतार हातातलं काम टाकून गोळा झाले. मिस्त्रींनी छोटा रंधा घेतला, पहिल्या फळीची पाठ जराशी उघडी केली, साल नाकाशी धरली, खाली टाकली. दुसरी. तिसरी. चौथीला थांबले. साल पुन्हा हुंगली, बोट ओलं करून रेषेवरून फिरवलं. पेन्सिल कानामागून काढली, हातात धरली, खूण केली नाही. पुढे गेले. सहावीला पुन्हा थांबले. मग परत चौथीकडे आले.

ती समोर उभी होती. बाबांचा हात चौथ्या फळीवर होता, आणि तो हात तिला चांगला ठाऊक होता. खात्री असली की तो लाकडावर सपाट पडायचा. आज बोटं उचललेली होती.

ते पुन्हा पहिलीपासून निघाले. दुसऱ्यांदा नऊ फळ्या झाल्या. तिसऱ्यांदा ते फक्त चौथीकडे आणि सहावीकडे गेले, मग आठवीकडे, जिच्याकडे आधी बघितलंही नव्हतं. तेव्हा तिला कळलं. तिथे उभ्या असलेल्यांपैकी ते बाकी कुणाला कळलं नसावं.

"चौथीच ना, मिस्त्री?" मालक हळूच म्हणाले. "मारा खूण."

आणि सोवळेबाईला, जिने एका ब्रशच्या फटकाऱ्यासाठी अख्ख्या कारखान्याची टिंगल सहन केली होती, त्या क्षणी एकच वाटत होतं: बाबा, म्हणा हो, चौथी. चौथी म्हणा. कुणाला कळणार आहे? तपासनीस मान डोलावतील, दोन दिवसांत फळी बदलेल, टेबल वाचनालयात जाईल, आणि तुम्ही कारखान्यातून बाहेर पडाल ते लाकूड वासावरून ओळखणारे मिस्त्री म्हणूनच. मी लिहीन वहीत. माझ्या हाताने लिहीन. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही वाटायचं ते थांबलं नाही.

मिस्त्रींनी वर बघितलं. मालकांकडे नाही, तपासनिसांकडे नाही, तिच्याकडे. तिच्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ते बघून त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"नाही सांगता येत," ते म्हणाले.

"अहो, नीट बघा ना," मालक म्हणाले. "घाई नाही."

"बघितलं नीट. घेतानाच अशी घेतली होती की कुणाला कळू नये. ते काम चांगलं झालंय. मलाच कळत नाही."

मालकांनी आवाज अगदी खाली आणला. "मिस्त्री, एक दाखवा ना. कुठलीही."

"कुठलीही दाखवायला मी कशाला हवा?" मिस्त्री म्हणाले. "तो पॉलिशवालाही दाखवील."

कुणी हसलं नाही. पॉलिशवाल्याने उगीच पंखा सुरू केला आणि जमिनीवरच्या साली उडायला लागल्या. तपासनीस बाटलीतलं पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, नोंद करा."

तिने वही उघडली. असल्या नोंदी तिने शेकड्याने केल्या होत्या. अमुक लाकूड ओलं, तमुक फळीला खूण नाही, गाडी उशिरा. तिने लिहिलं: वाचनालयाचं टेबल, नऊ फळ्या. एक बिनदाखल्याची. कुठली ते ओळखता येत नाही. लेबल नाही. खाली सही केली.

"वाच," बाबा म्हणाले. चष्मा त्यांच्याजवळ नव्हता.

तिने वाचलं.

"ओळखता येत नाही म्हणजे कुणाला?" ते म्हणाले. "तुझी सही खाली. पुढे वाचणाऱ्याला वाटेल बाईलाच कळलं नाही. तुझं काम तू बरोबर केलंस. मिस्त्रीला ओळखता आली नाही, असं लिही."

"राहू दे ना, बाबा. एवढं लिहावं लागत नाही."

"घडलं तसं लिहायचं म्हणतेस ना रोज? मग लिही."

तिने तपासनिसांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. चांगला माणूस असावा. तिने ओळ खोडली, वरच्या जागेत पुन्हा लिहायला घेतलं, आणि 'मिस्त्री' ह्या शब्दाशी पेन थांबलं. तिला रडू आलं. चारचौघांत, वही उघडी ठेवून, ती रडली. मिस्त्री तिच्या शेजारी उभे राहिले. घाई कर असंही म्हणाले नाहीत आणि रडू नको असंही नाही. शब्द पुरा होईपर्यंत ते थांबले, मग तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली.